खोकला नाही, रक्त नाही, तरी टीबी? जनरल प्रॅक्टिसमध्ये तो कसकसा समोर येतो

तालुक्याच्या गावी नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका तरुण डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्यात. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, खोकला आणि बेडक्यात रक्त असा पुस्तकातला टीबी ओपीडीत खरंच येतो का? येत नसेल तर संशय नेमका कधी घ्यायचा? आणि तपासण्या निगेटिव्ह आल्या पण मनातली शंका जात नाही, अशा वेळी गोळ्या सुरू करून बघाव्यात का? मराठवाड्यात जनरल प्रॅक्टिस करत माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळं पुस्तकातलं कमी आणि ओपीडीत बसून दिसलेलं जास्त सांगतो. थोडं लांबेल.

पुस्तकातला पेशंट येतो, पण तो येईस्तोवर आजाराला तीन-चार महिने होऊन गेलेले असतात, दोन-तीन दवाखाने फिरून झालेले असतात आणि घरातल्या लेकरांनी तोच श्वास घेतलेला असतो. सुरुवातीला जे येतं ते इतकं साधं असतं की त्यात काही दिसतच नाही. कणकण आहे, जेवण जात नाही, अंगात कसर राहते, थोडा खोकला, पाठ दुखते, पोट फुगतं. यातलं एकेक लक्षण रोज कितीतरी पेशंटना असतं आणि बहुतेकांचं चार दिवसांत जातं. ज्याचं जात नाही, तो आपला माणूस. म्हणून मी म्हणतो की टीबी स्टेथोस्कोपनं फार क्वचित सापडतो, तो सापडतो तारखेनं आणि वजनकाट्यानं.

तारखेचं आधी सांगतो कारण इथंच सगळ्यात जास्त पेशंट निसटतात. पेशंटला विचारलं, किती दिवसापासून खोकला? तो म्हणतो चार दिवस. हे चार दिवस म्हणजे मागच्या डॉक्टरच्या गोळ्या संपल्यापासूनचे, त्याच्या आधी आठ दिवस दुसरीकडं, त्याच्या आधी मेडिकलवरून आणलेली सिरपची बाटली, पण ते तो मोजत नाही कारण त्याच्या हिशोबात प्रत्येक दवाखान्याबरोबर आजार नव्यानं सुरू होतो. आणि आपणही केसपेपरवर चार दिवस लिहून मोकळे होतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा ताप असेल तर थुंकी तपासा हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण दोन आठवडे मोजायचे कुठून हे कुणी सांगत नाही. ते पहिल्या दवाखान्यापासून मोजायचे. मी तारीख विचारतच नाही, सणावारानं विचारतो. पोळ्याला बरे होता का? गणपतीत होता का खोकला? सोयाबीन काढायच्या वेळी कामाला जात होता की घरी बसला होता? मग त्याची बायको पदर सावरत सांगते, नाही हो सर, नवरात्रातच यांना घटाजवळ बसवत नव्हतं, सारखं खोकत होते. आणि चार दिवसांचे दोन महिने होतात.

दुसरा वजनकाटा. प्रत्येक पेशंटचं, प्रत्येक व्हिजिटला, पडसं असलं तरी वजन करून केसपेपरवर लिहायचं. कंपाउंडरला सवय लावा, अर्धा मिनिट लागतो. सहा महिन्यांपूर्वी बावन्न होतं आणि आज सत्तेचाळीस आहे हे कागद सांगतो, पेशंट सांगत नाही, आपल्याकडं तर अर्ध्या लोकांना स्वतःचं वजन माहीतच नसतं. जुना कागद नसेल तर विचारा, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय का? बायांना विचारा, ब्लाऊज आत घ्यावा लागला का, बांगड्या ढिल्या झाल्यात का. या प्रश्नांची उत्तरं पक्की मिळतात.

आता फुफ्फुसाच्या टीबीचे जे प्रकार मला वारंवार दिसतात ते सांगतो. तरुण मुलगा-मुलगी, वय सोळा ते तीस, यांच्यात वरच्या भागात पॅच किंवा खड्डा, खोकला बऱ्यापैकी, वजन उतरलेलं. लातूर-नांदेडला नीटच्या क्लासला गेलेली पोरं यात खूप, एका खोलीत चौघं-पाचजण, खिडकी बंद, मेसचं जेवण, रात्रीची जागरणं, आणि पोरगं वाळत चाललं की घरचे म्हणतात अभ्यासाचं टेन्शन आहे. टेन्शननं भूक कमी होते हे खरंय, पण टेन्शननं महिनाभर ताप येत नाही. अशा पोराचा एक्स-रे काढल्याशिवाय त्याला टॉनिक लिहून देऊ नका.

दुसरा प्रकार शुगरवाल्यांचा. वय पंचेचाळीसच्या पुढं, शुगर कधीच ताब्यात नाही, खोकला फार नाही, आणि एक्स-रेत वरच्या भागात काही नाही, खालच्या भागात न्यूमोनियासारखा पॅच. हा न्यूमोनिया म्हणून दोन-दोन कोर्स घेतो. शुगर असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. उलटंही लक्षात ठेवा, ज्याची शुगर वर्षभर बरी होती ती अचानक हाताबाहेर गेली, पथ्य तेच, गोळ्या त्याच, तर छातीचा एक्स-रे काढा. आणि टीबी निघालेल्या प्रत्येकाची शुगर आणि एचआयव्ही तपासायची, वय आणि घराणं न बघता.

तिसरा म्हातारी माणसं. यांना ताप नसतो, खोकला तर पन्नास वर्षांपासून असतोच, बिडीचा नाहीतर चुलीच्या धुराचा. घरचे सांगतात, आबा जेवत नाहीत, उठत नाहीत, वय झालं. वय झालं हे निदान नाही. नेहमीच्या खोकल्याचा रंगढंग बदलला का, आवाज बसला का, जेवण कधीपासून सुटलं, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. चौथा प्रकार दारूवाल्यांचा, त्यांची अडचण निदानापेक्षा पुढं आहे, लिव्हर आधीच खराब आणि गोळ्या मध्येच सुटतात, त्यांच्या घरच्या एका माणसाला हाताशी धरल्याशिवाय कोर्स पूर्ण होत नाही.

आणि एक प्रकार असा की लक्षणंच नाहीत. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं जे मोठं सर्वेक्षण झालं त्यात सापडलेल्या पेशंटपैकी साधारण ४३ टक्के फक्त एक्स-रेमुळं सापडले, लक्षणांच्या प्रश्नांत ते अडकलेच नसते. त्यामुळं पेशंटच्या घरातल्या लोकांना नुसतं "तुम्हाला खोकला आहे का" विचारून सोडून देणं पुरत नाही.

बीड जिल्ह्यात, म्हणजे केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागात जे प्रॅक्टिस करतात त्यांना ऊसतोडीचं वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण आमच्याकडच्या टीबीचा आकार त्या हंगामावर ठरतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक. पाच-सहा महिने कोपीत राहायचं, पहाटे अंधारात थंडीत फडात जायचं, रात्री-बेरात्री गाडी भरायची. तिथं खोकला आला तर मुकादमाची उचल अंगावर असते, कोयत्यातला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतला, एक जण बसला की दुसऱ्याचंही काम थांबतं, त्यामुळं कुणी दवाखान्यात दिवस घालवत नाही, इंजेक्शन मारून पुन्हा फडात. पाडव्याच्या आसपास परत येतात तेव्हा आपल्या ओपीडीत खंगलेली माणसं एकदम दिसायला लागतात. याची दोन कामं आहेत. एक, परत आलेल्या कुठल्याही माणसाच्या खोकल्याला "प्रवासाचा खोकला" समजू नका. दोन, दसऱ्याच्या आधी ज्याचे उपचार सुरू झालेत आणि जो जाणार आहे त्याचा निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा नंबर, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या, मोबाईलमध्ये फोटो काढून द्या, आणि जायच्या आधी टीबी युनिटच्या सुपरवायझरला फोन करून ट्रान्सफर करायला सांगा. त्या नंबरावर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळू शकतात. हे पेशंटला कुणी सांगितलेलंच नसतं, तो महिन्याच्या गोळ्या घेऊन जातो, त्या संपतात आणि मग चार महिने काहीच नाही.

खोकल्याच्या पेशंटला लिवोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन देऊ नका. हात जोडून सांगतो. ही औषधं टीबीच्या जंतूवर चालतात, म्हणून पेशंटला आठ-दहा दिवस बरं वाटतं, बेडक्यातले जंतू कमी होतात, थुंकी निगेटिव्ह येते, सगळे निश्चिंत होतात आणि महिन्यानं पुन्हा सुरू. शिवाय पुढं जर रिफॅम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, दाद न देणारा टीबी निघाला तर ज्या औषधावर तिथं भिस्त असते त्याचीच धार आपण आधी बोथट करून ठेवलेली असते. साध्या छातीच्या इन्फेक्शनला अमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सीसायक्लिन द्या. तसंच स्टेरॉइडचं. दमा वाटला म्हणून डेक्साचं इंजेक्शन, भूक लागावी म्हणून डेक्साच्या गोळ्या, मेडिकलवरून गुडघेदुखीच्या पुड्या, यात टीबी काही दिवस झाकला जातो आणि मग भडकतो. स्टेरॉइडनं चेहरा गोल होतो, तेव्हा पेशंटला चेहरा गोल कशानं झाला हे विचारत चला.

फुफ्फुसाबाहेरचा टीबी. इथं खोकला नसतो, म्हणून डोक्यात टीबी येतच नाही.

मानेतली गाठ सगळ्यात जास्त. बहुतेक तरुण मुली, गाठ दुखत नाही, हळूहळू वाढते, दोन-तीन एकमेकींना चिकटलेल्या, कधी मऊ पडून फुटते आणि वाहत राहते. यात अँटिबायोटिकचे कोर्स पालटत बसायचं नाही, दोन-तीन आठवड्यांत गाठ बसली नाही तर सुईनं तपासणी. आणि हे लिहून ठेवा, सुईतला किंवा बायोप्सीचा थोडा भाग साध्या सलाईनमध्ये वेगळा पाठवा. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की जंतू मरतो, कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं होत नाही, औषधाला दाद देतो का ते कळत नाही, आणि त्या लेकीच्या मानेवर पुन्हा चीर द्यावी लागते. सर्जनला आधीच फोन करून सांगा. पुढची गोष्ट, उपचार चालू असताना गाठ मोठी होऊ शकते, नवी येऊ शकते, पू होऊ शकतो. शरीराची प्रतिकारशक्ती परतताना होणारी ही प्रतिक्रिया असते, दरवेळी औषध फेल गेलं असा अर्थ नाही. पेशंटला हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर तो दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडून झाडपाल्याकडं जातो.

छातीत पाणी होणं हा दुसरा. तरुण माणूस, एका बाजूला टोचल्यासारखं दुखतं, ताप, कोरडा खोकला, आणि दुखणं कमी होतं तेव्हा दम लागायला लागतो कारण पाणी भरलं. पाठीवर बोटानं ठोकून बघा, भरीव आवाज लगेच कळतो, ही तपासणी फुकट आहे आणि आजकाल कुणी करत नाही. पाणी पिवळसर, लिंफोसाइट जास्त, एडीए (पाण्यातलं एक एन्झाइम) ४० च्या वर, तर आपल्या भागात टीबीच धरायचा बहुतेक वेळा. या पाण्यात सीबीनॅट (यंत्रावर जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) निगेटिव्ह येणं अगदी नेहमीचं आहे, त्यावरून टीबी नाही म्हणू नका. पाणी काढल्यावर बरं वाटतं, काही जणांचं आपोआपही सुकतं आणि मग गोळ्या नको म्हणतात. उपचार न घेतलेल्या अशा लोकांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पुढच्या काही वर्षांत फुफ्फुसाचा टीबी होतो. साठीच्या वरचा माणूस असेल, पाणी लालसर असेल, काढलं की पुन्हा भरत असेल तर मात्र कॅन्सर आधी शोधा.

पोटाचा टीबी म्हणजे सगळ्यात जास्त फिरलेला पेशंट. पोट गुडगुडतं, फुगतं, जेवलं की पीळ पडतो, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, आणि केसपेपरच्या गठ्ठ्यात ॲसिडिटी, जंत, अल्सर, अपेंडिक्स सगळं लिहिलेलं. सोनोग्राफीत लहान आतडं आणि मोठं आतडं मिळतं तिथं जाडी, गाठी, किंवा पोटात थोडं पाणी. ॲसिडिटीनं वजन कमी होत नाही, एवढं धरून चाललं तरी यातले बरेच सापडतील. बायकांमध्ये पोटात पाणी आणि सीए-१२५ (कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ततपासणी) वाढलेलं आलं की ओव्हरीचा कॅन्सर म्हणून घर हादरून जातं, पण पोटाच्या टीबीतही ते भरपूर वाढतं, म्हणून तुकडा तपासल्याशिवाय कुणालाही कॅन्सर शब्द सांगू नका.

पाठीचा मणका. आमच्याकडं पाठदुखी नाही असा शेतकरी शोधावा लागेल, त्यामुळं हा राहून जातो. साधी पाठदुखी कामानं वाढते आणि आडवं पडलं की बरी होते. मणक्याचा टीबी रात्रीही दुखतो, एकाच जागी दुखतो, बोटानं ठोकलं की पेशंट दचकतो, खाली पडलेली वस्तू उचलताना वाकत नाही तर ताठ पाठीनं गुडघ्यात बसतो. बरगड्यांच्या पट्ट्यातली पाठदुखी, म्हणजे मानेच्या खाली आणि कमरेच्या वर, ही नेहमी संशयानं बघा. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल असतो, एमआरआय लागतो. पायात मुंग्या, चालताना अडखळणं, लघवीला त्रास यातलं काही सुरू झालं असेल तर त्याच दिवशी संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याला, अंबाजोगाईला, नांदेडला, लातूरला, जिथं जवळ असेल तिथं पाठवा, पट्टा आणि पेनकिलर देऊन नाही. उपचार इथं किमान १२ महिने. एक गोष्ट ध्यानात ठेवा, शेळ्या-मेंढ्या पाळणारे, कच्चं दूध पिणारे यांच्यात ब्रुसेलोसिस (जनावरांकडून होणारा आजार) अगदी असंच पाठीत बसतो आणि त्याची औषधं वेगळी.

मेंदूच्या आवरणाचा टीबी क्वचित दिसतो पण तो चुकला तर माणूस जातो किंवा आयुष्यभर अधू होतो. डोकेदुखी दोन-तीन आठवड्यांपासून, मध्येच उलटी, बारीक ताप, आणि घरचे सांगतात की वागण्यात फरक पडलाय, चिडतो, गप्प बसतो, असंबद्ध बोलतो. इथं घरचे बाहेरचं आहे म्हणून देवाला घेऊन जातात आणि आठवडा जातो. एक डोळा तिरळा झाला, दोन-दोन दिसायला लागलं, मान ताठ झाली, तर ओपीडीत काही करत बसू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात. लहान लेकरांना बीसीजीमुळं याच्यापासून बरंच संरक्षण मिळतं, पूर्ण मिळत नाही.

बायांच्या गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी ताप-खोकला काहीच न देता बसतो. लग्नाला चार-पाच वर्षं झाली, मूल नाही, पाळी कमी झाली, एवढीच तक्रार. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यात घरात पूर्वी कुणाला टीबी झाला होता का, लहानपणी मानेत गाठ होती का, हे विचारायला एक मिनिट लागतो. पण उलट टोकही वाईट आहे, पिशवीच्या आतल्या अस्तराची एक पीसीआर पॉझिटिव्ह आली म्हणून बाकी काहीच आधार नसताना सहा महिने गोळ्या घालायच्या नाहीत. लघवीत पू-पेशी आणि कल्चर दरवेळी निगेटिव्ह, हा किडनीचा टीबी असू शकतो, डोक्यात असू द्या.

लेकरांच्या बाबतीत मला दोन्ही बाजूंनी वाईट वाटतं. एकीकडं अंग न धरणारं, महिनोन् महिने वजन न वाढणारं लेकरू, घरात आजोबा खोकतायत, आणि त्याचा टीबी कुणी बघत नाही. दुसरीकडं "प्रायमरी कॉम्प्लेक्स"चं लेबल लावून कितीतरी लेकरांना सहा महिने गोळ्या दिल्या जातात, ज्यांना खरं तर वारंवार सर्दी किंवा बालदमा असतो. जेवत नाही, सारखी सर्दी होते, मानेत वाटाण्याएवढ्या गाठी लागतात, एवढ्यावर टीबी ठरत नाही. घरात टीबीचा माणूस आहे का, दोन आठवडे ताप किंवा खोकला हटत नाही का, वजनाचा आलेख खाली आलाय का, हे तीन बघा. बेडका काढता येत नाही म्हणून सोडून देऊ नका, सकाळी उपाशीपोटी नळीनं पोटातलं पाणी काढून सीबीनॅटला पाठवता येतं, बालरोगतज्ज्ञांकडं ही सोय होते.

जे टीबी नाही पण टीबी म्हणून गोळ्या खातं, त्यात सगळ्यात दुःखद म्हणजे फुफ्फुसाचा कॅन्सर. बिडी-तंबाखूवाला पंचावन्न-साठ वर्षांचा माणूस, बेडक्यात रक्त, एक्स-रेत सावली, थुंकी निगेटिव्ह, तरी गोळ्या सुरू, आणि चार महिन्यांनी वजन आणखी खाली. ते चार महिने त्याचे परत येत नाहीत. दुसरे जुना बरा झालेला टीबी असणारे, ज्यांच्या फुफ्फुसात डाग आणि फुगलेल्या नळ्या राहतात, त्यांना पावसाळ्यात-थंडीत कफ वाढतो, रक्तही पडतं. प्रत्येक वेळी तो टीबी परत उलटलेला नसतो, जुना एक्स-रे शेजारी ठेवून बघा. पेशंटला सांगत चला की एक्स-रे फेकू नका, ट्रंकेत ठेवा.

तपासण्यांचं थोडक्यात. थुंकीच्या साध्या स्लाइडला मिलीलीटरमागं ५ ते १० हजार जंतू लागतात तेव्हा कुठं दिसतात, सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही तेही दोन तासांत कळतं. ट्रूनॅट हे गोव्यात बनलेलं यंत्र आता बऱ्याच तालुक्यांना पोचलंय, सरकारीत फुकट होतं. पण डबीत लाळ गेली तर कुठलंही यंत्र काय करणार. पेशंटला नीट सांगा, सकाळी उठल्यावर चूळ भरून, उघड्यावर उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घेऊन खोकायचं आणि छातीतला बेडका द्यायचा, थुंकी नाही. पूर्वी उपचार झालेल्यांत सीबीनॅट मेलेल्या जंतूंमुळंही पॉझिटिव्ह येतं, तिथं कल्चर बघा. रक्तातल्या टीबी अँटिबॉडीच्या तपासण्यांवर सरकारनं २०१२ मध्येच बंदी घातली आहे, कुणी करून आणल्या तर बाजूला ठेवा. मोठ्या माणसाची मांटू (हातावर सुई टोचून करायची तपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे आयुष्यात कधीतरी जंतूशी गाठ पडली, आजार आहे असं नाही.

निदान झालं की नोंद करायची, २०१२ पासून खाजगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे. काही पेशंट विनवतात, सर नाव घालू नका, पोरीचं लग्न ठरतंय, आशाताई घरी आली की गावाला कळेल. त्यांची भीती खरी आहे, मी तिला हलकं समजत नाही. मी सुपरवायझरला सांगतो की घरी जाऊ नका, दवाखान्यातच भेटा, आणि ते बहुतेक ऐकतात. नोंद झाल्यावर फुकट गोळ्या मिळतात, आणि पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. हे पैसे उशिरा आले तरी खाणं थांबवू नका म्हणून सांगा. झारखंडमध्ये झालेला रेशन्स नावाचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यात पेशंटच्या घरच्यांना धान्य-डाळ जास्तीचं दिल्यावर घरात नवीन टीबी होण्याचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांच्या जवळपास घटलं, आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या पेशंटचं वजन चांगलं वाढलं त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले. म्हणून ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाणे, हरभरा, चालत असेल तर रोज अंडी, हे मी गोळ्यांच्या चिठ्ठीवरच लिहितो.

गोळ्यांचा डोस वजनावर असतो, ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. वजन वाढून वरच्या गटात गेलं की डोस वाढवा. लघवी लाल-केशरी होणार हे आधी सांगा, नाहीतर रक्त समजून माणूस घाबरून गोळ्या बंद करतो. मळमळ, जेवण एकदम नको होणं, डोळे पिवळे, यातलं काही झालं तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून लिव्हरची तपासणी. लाल-हिरवा रंग नीट कळेना झाला तर तो इथॅम्ब्युटॉल या गोळीचा दुष्परिणाम समजा. रिफॅम्पिसिन गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं, तेव्हा दुसरी सोय सुचवा, आणि शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्याही कमी पडायला लागतात, शुगर पुन्हा पुन्हा बघावी लागते. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं, पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना तर अजिबात टाळायचं नाही.

आता तिसरा प्रश्न, सुरू करून बघू का. "बघू" म्हणून दोन-तीन आठवडे एटीटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, देणं मला मान्य नाही. रिफॅम्पिसिन इतर जंतूंवरही चालतं, त्यामुळं बरं वाटलं याच्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि अर्धवट सोडल्यावर पुढच्या तपासण्या गढूळ होतात. पेशंट स्थिर असेल तर थांबा. लिवो सोडून दुसरं अँटिबायोटिक द्या, दोन आठवड्यांनी वजन आणि एक्स-रे पुन्हा करा, बेडका पुन्हा पाठवा, लागलं तर सीटी आणि जिथून नमुना मिळेल तिथून नमुना. मेंदूचा टीबी किंवा एक्स-रेत बाजरी विखुरल्यासारखा सगळीकडं पसरलेला टीबी दिसत असेल तर मात्र नमुने घेऊन लगेच सुरू करायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही, आणि हे मोठ्या दवाखान्यातच. मधल्या पेशंटमध्ये, जिथं सगळं करून झालं, नमुना मिळत नाही किंवा निगेटिव्ह आहे, पण चित्र टीबीशीच जुळतं आणि दुसरं काही सापडत नाही, तिथं छातीच्या डॉक्टरांशी बोलून क्लिनिकल निदान म्हणून लिहा, नोंद करा आणि पूर्ण कोर्स द्या, सहा महिने म्हणजे सहा महिने. अशा पेशंटला आठव्या आठवड्यात बसवून नीट बघायचं. ताप गेला का, वजन किती वाढलं, सावली कमी झाली का. फरक नसेल तर त्यात लिवो किंवा दुसरं एखादं औषध आपल्या मनानं वाढवू नका, चालत नसलेल्या कोर्समध्ये एकटं औषध घातलं की जंतू त्यालाही सरावतो. कागद, जुने-नवे एक्स-रे आणि वजनाचे आकडे देऊन त्याला जिल्ह्याच्या टीबी सेंटरला पाठवा, आणि चिठ्ठीत स्पष्ट लिहा की निदान जंतू न सापडता केलेलं आहे, पुन्हा पहिल्यापासून तपासावं.